काठावरची झोप

चिमीची गादी आता नावालाच गादी उरली होती. आतल्या कापसाचे गोळे होऊन ते आपापल्या मर्जीने चार कोपऱ्यांत जाऊन बसले होते, आणि मधे, माणसाची कंबर नेमकी येते तिथे, कापडाखाली सरळ फळीच लागायची. सकाळी उठणं हा एक कार्यक्रमच होता. आधी कुशीवर वळायचं, मग पलंगाचा कठडा धरायचा, मग गादी करणाऱ्याच्या नावाने दोन शब्द बोलायचे आणि मग उठायचं. नवीन गादी घ्यायची हे तिने कधीच ठरवलं होतं. पण एकट्या माणसाच्या घरात एखादी गोष्ट पुढे ढकलायला कोणाची हरकत नसते, म्हणून ती पुढे पुढे जात राहिली.

चिमी म्हटल्यावर कोणाच्या डोळ्यांपुढे दोन वेण्या घातलेली मुलगी आली असेल तर तिला आधी पुसून टाकावं. ही चिमी साठी उलटलेली, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली, अंगाने भरलेली बाई होती. जन्मभर कानाला हेडफोन लावून परक्या माणसांची परक्या माणसांशी गाठ घालून दिली, स्वतःचं लग्न मात्र केलं नाही. का केलं नाही हे विचारणारी माणसं एकेक करत गेली आणि तो प्रश्नही त्यांच्याबरोबर गेला. तिला चिमी म्हणणारं आता एकच माणूस जवळपास उरलं होतं. ती म्हणजे तिची मोठी बहीण, ताई.

आणि ताई रविवारी जाणार होती.

ताई आली होती डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. मोतीबिंदू पिकला होता आणि डोळ्यांचा चांगला दवाखाना चिमीच्या मागच्याच गल्लीत होता. "चार दिवस पथारी टाकते तुझ्याकडे," म्हणून आली, तिला आता महिना होत आला. चिमीने तिला आपला पलंग दिला, स्वतः बाहेरच्या खोलीत घडीच्या खाटेवर झोपली. वेळच्या वेळी डोळ्यात थेंब घातले, पेपर वाचून दाखवला, त्यातल्या बातम्यांवरून भांडली. किती वर्षांनी घरात "नळ कोणी उघडा ठेवला?" असं विचारायची सोय झाली होती! पूर्वी विचारण्यात अर्थच नव्हता. मग या बुधवारी डॉक्टरांनी डोळा तपासला आणि "आजी, आता खुशाल सुईत दोरा ओवा," असं सांगितलं. ताई हसली. चिमीला हसू आलं नाही. त्याच संध्याकाळी भाच्याचा, म्हणजे ताईच्या मुलाचा, फोन आला, "मावशी, रविवारी गाडी घेऊन येतो, आईला न्यायला."

ताईने कायमचं इथे राहावं एवढंच चिमीला हवं होतं. एवढं एक वाक्य विचारायचं होतं. पण इथेच घोडं पेंड खात होतं. दीड वर्षापूर्वी ताईचे यजमान गेले तेव्हा भरल्या घरात चिमी म्हणाली होती, "ताईला मी घेऊन जाते." भाचा लगेच म्हणाला, "नाही मावशी, आई आमच्याकडेच राहणार." ताई खाली बघत बसून होती. तिने हूं की चूं केलं नाही. चिमीने तिचं गप्प बसणं हेच उत्तर समजून कानाला खडा लावला. आता पुन्हा विचारायचं आणि पुन्हा नकार ऐकायचा, एवढी ताकद तिच्यात नव्हती.

म्हणून तिने गादीचा घाट घातला. ताईला दुकानात बरोबर न्यायचं. दुकानदार विचारणारच, गादी एकाची की दोघांची. मग बघायचं ताई काय म्हणते. सरळ विचारायचा धीर नसलेली माणसं असलेच द्राविडी प्राणायाम करत बसतात.

शुक्रवारी दुपारी दोघी निघाल्या. दुकान मोठं होतं. ओळीने पलंग मांडलेले, प्रत्येकावर पांढरीशुभ्र गादी आणि गादीच्या पायथ्याला प्लॅस्टिकचा चौकोन, गिऱ्हाइकाने चपलांसकट पाय ठेवले तरी चालावं म्हणून. ताईच्या डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा मोठा काळा चष्मा होता. त्यामुळे ती गादी घ्यायला नव्हे, दुकानावर धाड घालायला आल्यासारखी दिसत होती. गळ्यात टाय घातलेला विक्रेता तिच्याकडेच आधी अदबीने वळला.

"या मॅडम. कशी दाखवू? स्प्रिंगची, फोमची, काथ्याची?"

"झोपायची," ताई म्हणाली.

टायवाला गडी कसलेला होता. तो न डगमगता त्यांना पहिल्या पलंगाकडे घेऊन गेला. "ही बघा. यातला फोम तुमच्या अंगाचा आकार लक्षात ठेवतो."

"अगंबाई! मी तो विसरायचा प्रयत्न करतेय आणि ही लक्षात ठेवणार?" चिमी म्हणाली.

"झोपून तर बघा मॅडम. संकोच करू नका."

दोघी पलंगाच्या कडेवर बसल्या आणि हळूच मागे कलंडल्या. डोकी पलंगाच्या त्या काठाला, पाय या काठावरून खाली लोंबकळत. दोघी शेजारी शेजारी, छताकडे बघत, अगदी शांतपणे. उशी बिचारी वर एकटीच राहिली आणि प्लॅस्टिकच्या चौकोनाला कोणाचा पाय लागला नाही.

"गुडघ्याखाली काठ टोचतो," थोड्या वेळाने ताई म्हणाली.

"मलाही टोचतोय," चिमी म्हणाली.

टायवाल्याने एकदा उशीकडे पाहिलं आणि त्यांना पुढच्या पलंगाकडे नेलं. दुसरी गादी झाली, तिचाही काठ टोचला. तिसरी स्प्रिंगची होती, तिचा तर फारच टोचला. चौथीपाशी ताई म्हणाली, "अहो, एवढं मोठं दुकान आणि धड काठाची एक गादी नाही तुमच्याकडे?" तेव्हा मात्र त्या भल्या माणसाने हात टेकले.

"मॅडम, काठ टोचणारच हो. उशी तिकडे आहे. तुम्ही आडव्या झोपताय."

"झोपताना माणूस आडवाच होतो."

"तसं नाही मॅडम. तुम्ही पलंगावर आडव्या आहात. लांबीला झोपायचं असतं."

दोघींनी माना वळवून उशीकडे पाहिलं. मग आपल्या लोंबकळणाऱ्या पायांकडे पाहिलं. मग एकमेकींकडे. आणि आधी ताईला हसू फुटलं, मग चिमीला. हसता हसता ताईचा काळा चष्मा कपाळावर गेला. पलीकडे एक नवीन लग्न झालेलं जोडपं मोठ्या गांभीर्याने गादी दाबून बघत होतं, ते दचकून थांबलं. टायवाल्याला सांगायचं तरी काय? चौघं भावंडं एका गादीवर आडवी झोपायची, हे सांगायला तिथे वेळ नव्हता आणि त्याला ते कळलंही नसतं.

वडील घड्याळं दुरुस्त करायचे. पुढे दुकान, मागे एकच खोली. मुलं चार आणि गादी एक. लांबीला झोपवली तर दोघंच मावत, म्हणून आईने चौघांना ओळीने आडवं घातलं होतं. भिंतीला थोरला, मग गोट्या, मग चिमी आणि शेवटी दाराच्या बाजूला ताई. पाय वाढले तसे ते गादीबाहेर येऊ लागले. आई त्यांच्याखाली जुन्या कोटांच्या घड्या घालायची. पुढच्या दुकानात दुरुस्तीला आलेली घड्याळं टांगलेली असत आणि कोणाचं कोणाशी पटत नसे. एकाने दहाचे ठोके द्यायला घेतले की दुसरं मागाहून सुरू व्हायचं, तिसरं त्याच्याही मागाहून. त्या घरात दहा वाजायला लागले की वाजतच राहायचे. गोट्या अंधारात पैज लावायचा, आता कुठलं वाजेल, जाड्या की खोकल्या? घड्याळांनाही त्याने नावं ठेवली होती. थोरला पांघरूण ओढायचा. आणि चिमीची जागा सगळ्यांत छान. एका बाजूला गोट्याची ऊबदार पाठ, दुसऱ्या बाजूने ताईचा हात अंगावर. झोपताना ताई हात टाकायची तो सकाळपर्यंत तसाच असायचा. चिमी आयुष्यात पुष्कळ काही विसरली, पण त्या हाताचं ओझं तिला अजून आठवायचं. टेलिफोनच्या रात्रपाळ्या करताना, पुढे एकटीच्या घरात, झोप येईना की ती तेच आठवत पडायची. थोरला आता नाही. गोट्या दूरदेशी, फोनवर नातवंडांची नावं सांगतो आणि ती हिच्या लक्षात राहत नाहीत. राहिल्या या दोघी. तशी गादी पुन्हा घालता आली, तर चिमीला जगाकडून आणखी काही नको होतं.

"तर मग मॅडम," दोघींचं हसू ओसरल्यावर टायवाला म्हणाला, "एकाची दाखवू की दोघांची?"

आला. प्रश्न आला. चिमी छताच्या पंख्याकडे बघू लागली.

"हिच्यापुरती दाखवा," ताई म्हणाली. "एकटीला किती लागते?"

चिमीचा चेहरा पडला. तरी तिने नेट लावून पाहिला. "मोठीच घेतली तर काय हरकत आहे? कोणी आलं-गेलं तर..."

"आल्या-गेल्यासाठी कोणी एवढी मोठी गादी घेतं का? मग चादरी मोठ्या. त्या धुणार कोण, पिळणार कोण? तूच ना?"

चादरींचा मुद्दा बिनतोड होता. टायवाल्याने एकाची गादी दाखवली. आत काथ्या, वर फोमचा थर, ना फार मऊ ना फार कडक. चिमी तिच्यावर लांबीला झोपून उठली, म्हणाली, "बरी आहे." तिला त्या वेळी दगडही बराच वाटला असता. मग ताई झोपली. उशीवर डोकं, प्लॅस्टिकवर पाय, अगदी शिस्तीत. तिने डोळे मिटले. गादी काही तिला घ्यायची नव्हती, पण ती जरा जास्तच वेळ पडून राहिली. टायवाल्याने घड्याळात पाहिलं तेव्हा उठली आणि गादीवरची सुरकुती हाताने सारखी केली.

"हीच," ती म्हणाली. "चल, भावाचं मी बघते."

भाव करण्यात ताईचा हात कोणी धरला नसता. गल्ल्यावर दुकानाचे मालक बसले होते, टक्कल पडलेले, हसतमुख. गादीच्या चिठ्ठीवर एक भलामोठा आकडा छापून त्यावर काट मारलेली होती आणि खाली लाल शाईत दुसरा, जरा माणसात आलेला आकडा होता.

"हा खोडलेला आकडा आजवर कोणी दिलाय का?" ताईने विचारलं.

"छे हो. तो कोणी देत नाही."

"मग छापता कशाला?"

"खोडायला," मालक म्हणाले.

माणूस खरं बोलला म्हणून ताईला आवडला. पण आवडला म्हणून तिने त्याला सोडलं नाही. लाल आकडाही खोडण्यासारखाच आहे, असं तिने सुचवलं. मालकांनी काथ्याचे भाव सांगितले. ताईने तिसऱ्या मजल्याचे जिने सांगितले. मालक म्हणाले, गादी वर चढवून देऊ, जुनी उतरवून नेऊ, शिवाय दोन उश्या फुकट देऊ. ताई म्हणाली, "उश्या आहेत आमच्याकडे. उशांची किंमत गादीतून वजा करा." मालक म्हणाले, मॅडम, फुकटच्या उशांना किंमत नसते. ताई म्हणाली, मग त्या देता कशाला? दोघंही रंगात आले होते. टायवाला आणि ते नवीन जोडपं कान देऊन ऐकत होतं.

चिमीचं मात्र कशातच लक्ष नव्हतं. एकदा का या गादीचा सौदा पटला की एका माणसाची गादी घरी येणार, रविवारी गाडी येणार आणि संपलं. आज इथे आपण मूग गिळून बसलो तर पुन्हा कधी बोलणार? तिने मनाचा हिय्या केला. सगळ्यांसमोर तर सगळ्यांसमोर. तिने घसा खाकरला.

ताईने तत्क्षणी पिशवी उचलली. "चल ग चिमे. नाही जमत यांना, राहू दे." आणि तरातरा चालत काचेचं दार ढकलून बाहेर पडलीसुद्धा.

चिमीला एक क्षण काही उमजेना, आणि मग तिने कपाळावर हात मारला. आई! आई बाजारात भाव करताना अशीच घसा खाकरायची. ती खूण होती. आई खाकरली की मुलींनी तिचा हात ओढून "चल ना, घरी चल" करायचं, मग दुकानदार मागून हाका मारायचा. ताईने एवढ्या वर्षांनंतरही ती खूण बरोबर पाळली होती. मालकांकडे बघून चिमी कसंनुसं हसली आणि ताईच्या मागे धावली.

बाहेर फूटपाथवर दुकानाचा टेम्पो उभा होता. त्याच्या आडोशाला ताई उभी होती.

"मागे बघू नकोस," ती हलक्या आवाजात म्हणाली. "येईल तो. अगदी वेळेवर खाकरलीस हं."

"मी त्यासाठी नव्हते खाकरले."

"मग?"

"मला बोलायचं होतं."

"काय?"

आता मात्र पळायला जागा नव्हती. एका बाजूला टेम्पो, दुसऱ्या बाजूला ताई. "ताई, रविवारी जाऊ नकोस," चिमी म्हणाली, आणि एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता येईना. "राहा माझ्याकडे. चार दिवस नाही, कायमची. मला एकटीला नाही ग करमत आता. सकाळी उठून कोणाशी बोलू मी? मोठी गादी घेऊ. चादरी मी धुईन. पूर्वीसारख्या दोघी झोपू, तू माझ्या अंगावर हात टाक, आपण गोट्याच्या त्या घड्याळांच्या गोष्टी..."

ताईने काळा चष्मा काढला. ऑपरेशन झालेला डोळा अजून जरा लाल होता, दुसराही आता तसाच झाला.

"किती दिवस वाट बघायला लावलीस ग," ती म्हणाली.

"मी? मी मागेच म्हटलं होतं! तेव्हा तूच गप्प बसलीस."

"मला कुठे म्हणालीस? तू त्याच्याकडे बघून म्हणालीस, ताईला मी नेते. तो तुझ्याकडे बघून म्हणाला, आई आमच्याकडे राहणार. मी मधे बसले होते, घरातलं कपाट कोणी न्यायचं हे ऐकत बसावं तशी. एकाने तरी माझ्याकडे वळून विचारलं का, बाई, तुला कुठे जायचंय?"

चिमीच्या डोळ्यांपुढे ती भरलेली खोली उभी राहिली. खरंच होतं. ती भाच्याकडेच बघून बोलली होती.

"वाईट कोणी नाही हो," ताई म्हणाली. "पोरगा गुणी आहे, सूनही जीव लावते. पण हॉलमधला सोफा उघडला की माझी झोप सुरू आणि मिटला की संपली. त्यांचं टीव्ही बघणं होईस्तोवर 'मला कुठे एवढ्यात झोप येते' म्हणत बसते मी. येत असते ग. बसल्या जागी डोळे मिटत असतात."

"मग राहतेस ना?"

"राहते."

चिमीचा जीव भांड्यात पडला. ती वळलीच. "चल, मोठी घेऊ."

"मोठी नको," ताई म्हणाली. "मला माझी वेगळी हवी."

"वेगळी? अगं पण पूर्वीसारखं..."

"तुला पूर्वीचं आठवतं ते आतल्या जागेवरचं. मी काठाला होते चिमे. माझ्यापाशी गादी संपायची आणि खाली दुकानात उतरायची पायरी होती. एकदा झोपेत गेले खाली. हे बघ." तिने हनुवटी वर केली. तिथे एक जुनी बारीक खूण होती. चिमीने ती लहानपणापासून पाहिली होती आणि कधी विचारलं नव्हतं. "त्यानंतर रात्रभर तुला धरून असायचे. पडू नये म्हणून. एकदा धरलं की मग कूस बदलायची सोय नाही."

चिमीने ती खूण बोटाने चाचपली. "तो हात... मला वाटायचं..."

"काय वाटायचं?"

"माया."

ताईने जरा विचार केला. तिला खोटं बोलायचं नव्हतं. "असेल, तीही असेल," ती म्हणाली. "पण आधी भीती."

टेम्पोवाल्याने प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली एक गादी त्या दोघींच्या मधून नेली. ती जाईपर्यंत दोघी थांबल्या.

"लग्न झालं तर ह्यांना झोपेत हातपाय झाडायची सवय," ताई पुढे म्हणाली. "तिथेही काठच. मग पोर मधे आलं, मग सासूबाईंचं आजारपण, त्यांच्या खाटेला लागून चटई. आता सोफा. आणि तुझ्या पलंगावर मधे फळी टोचते, म्हणून तिथेही काठालाच. इतकं वय झालं माझं, पण गादीच्या मधोमध झोपल्यावर कसं वाटतं ते मला अजून ठाऊक नाही. आत्ता मगाशी क्षणभर झोपले तेवढंच. ते मला हवंय. मग बाकी काय म्हणशील ते करते. तुझ्या बातम्या ऐकते."

तिला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि जे ती इतकी वर्षं उशाशी घेऊन झोपत आली होती ते त्याच वेळी हातचं गेलं होतं. तिला आनंदही झाला आणि फार वाईटही वाटलं. ती तिथेच फूटपाथवर रडू लागली. तिला बघून ताईचाही बांध फुटला.

नेमके तेव्हाच मालक काचेचं दार उघडून बाहेर आले आणि दोन वयस्कर बाया टेम्पोच्या आड डोळे पुसताना बघून जागच्या जागी थबकले.

"अहो, अहो, असं मनाला लावून घेऊ नका!" ते घाईघाईने म्हणाले. "गादीसाठी रडायचं असतं का? तुमचा शब्द राहिला. तुम्ही म्हणाल तो भाव, उश्याही घेऊन जा. या बघू आत."

ताईने नाक पुसलं, काळा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि एका क्षणात ती पुन्हा धाडीवर आलेली बाई झाली.

"दोन घेतो," ती म्हणाली. "दोन्ही एकाच्याच मापाच्या. एका गादीचा भाव तुम्ही आत्ता मान्य केलात. आता दोनाचा काय तो बोला."

मालक हसले की रडले ते नक्की सांगता येणार नाही, पण सौदा झाला. रास्त झाला. त्यांनाही दोन पैसे सुटले आणि ताईलाही रात्री पश्चात्ताप झाला नाही, याहून रास्त भाव दुसरा नसतो.

संध्याकाळी ताईने स्वतः मुलाला फोन लावला. चिमी स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज न करता उभी होती.

"आई, आमचं काही चुकलं का?" पलीकडून भाच्याचा आवाज इकडेपर्यंत येत होता.

"काही चुकलं नाही रे बाळा. मला विचारलं, मी हो म्हणाले. रविवारी ये तू. माझी ट्रंक तेवढी घेऊन ये. जेवून जा."

भाच्याने ट्रंक कुठली ते विचारून घेतलं. मग म्हणाला, "ये म्हटलं की लगेच येशील ना अधूनमधून?" आणि ताई म्हणाली, "येईन की. सोफा आहेच." हे ती चिडून म्हणाली नाही. तरी चिमीला त्या पोराची दया आली.

शनिवारी गाद्या आल्या. आतल्या खोलीतल्या पलंगावर ताईची, बाहेरच्या खोलीत खाली चिमीची. दुसरा पलंग पुढे बघता येईल, असं ठरलं. जुन्या गादीला टेम्पोवाल्याने खांद्यावर टाकलं आणि जिन्यावरून नेताना आतले गोळे एका बाजूला घरंगळले. चिमी कठड्याशी उभी राहून ते बघत होती. रात्री दिवे मालवल्यावर दोघी आपापल्या खोल्यांतून मोठ्याने थोडा वेळ बोलल्या, "काय म्हणालीस?" "काही नाही, झोप." मग बोलणं थांबलं. चिमीची कंबर दुखत नव्हती. अंगावर काही ओझंही नव्हतं. बऱ्याच वेळाने तिला झोप लागली.

रविवारी ती जागी झाली तेव्हा ऊन खोलीत आलं होतं आणि घर शांत होतं. स्वयंपाकघरात कपांचा आवाज नाही, न्हाणीघरात नळ नाही. ती तशीच अनवाणी आतल्या खोलीच्या दाराशी गेली.

ताई झोपली होती. गादीच्या अगदी मधोमध, एक हात इकडे, एक हात तिकडे, पांघरूण पायांशी लाथाडलेलं, तोंड उघडं. चांगली घोरत होती.

चिमी चौकटीला टेकून बघत राहिली. आणि हळूहळू तिच्या लक्षात आलं की आपण ताईला झोपलेली कधी पाहिलेलीच नाही. लहानपणी चिमी जागी व्हायची तेव्हा शेजारची जागा रिकामी असायची आणि चुलीपाशी ताईचा आवाज यायचा. या महिन्याभरातही तेच. आजवर ताई सगळ्यांच्या नंतर आडवी झाली होती आणि सगळ्यांच्या आधी उठली होती. झोपेत तिचा चेहरा असा दिसतो, इतका सैल आणि इतका लहान, हे चिमीला या वयात पहिल्यांदा कळत होतं.

बाहेर फोन वाजला. चिमीने धावत जाऊन तो उचलला.

"मावशी, निघतोय आम्ही," भाचा म्हणाला. "ट्रंक घेतलीय. आईला दे ना जरा."

"ती झोपलीय."

"झोपलीय? आत्ता?" त्याचा आवाज एकदम बदलला. "आई एवढ्या उशिरापर्यंत कधीच झोपत नाही. बरं नाहीये का तिला? डोळा दुखतोय का?"

"अगदी छान आहे ती," चिमी हळू आवाजात म्हणाली. "सावकाश या. आणि हे बघ, आल्यावर बेल वाजवू नकोस. दारावर नुसती टकटक कर, मी उघडते."